माहेरचे कागद

पनवेलसारख्या गांवीं ज्यांचीं जुनीं घरें व थोडीबहुत भातजमीन आहे, त्यांच्या माजघरांत कागदांची एक पेटी असावयाचीच. आमच्या पेटींत मोडी लिपींतील गहाणखतेंहि आहेत. लक्ष्मीपूजनाचे दिवशीं ती चौरंगावर मांडली जाते. वाचली मात्र क्वचितच जाते. पूर्वीं त्यावांचून फारसें अडत नसे. परंतु १९७० च्या सुमारास नव्या मुंबईची आंखणी झाली, २०२५ सालीं विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि मधल्या काळांत खाचरांच्या गुंठ्यांस असें मोल आलें कीं, भाऊबहिणींच्या बोलण्यांतहि कागद शिरले.

आमच्या एका आत्याबाईंस भाऊबिजेस आल्या असतां सांगण्यांत आलें, "वडिलांच्या जमिनीला वारस लावायचे आहेत, एवढी सही करून जा." आत्याबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनीं चष्मा मागविला व कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. मग शांतपणें म्हणाल्या, "दादा, तूं वारसनोंद म्हणालास, हें तर हक्कसोडपत्र आहे." काकांनींहि तो वाचलेला नव्हता! लिहिणाराने रिवाजाप्रमाणें लिहून दिला होता.

या दोन कागदांतील भेद सुशिक्षित घरांतूनहि ठाऊक नसतो, याचें आम्हांस नवल वाटतें. वारसनोंद म्हणजे मृताच्या जागीं सर्व वारसांचीं नांवें सातबारावर चढविणें. ती गांवच्या महसूल अधिकाऱ्याकडे (ज्यांस आपण अजून तलाठीच म्हणतों) अर्ज देऊन होते, व तिनें कोणाचा हिस्सा बुडत नाहीं. हक्कसोडपत्रानें मात्र सही करणाराचा हिस्सा संपतो. तें दुय्यम निबंधकापुढें नोंदवावें लागतें. तेथें सही तुमचीच ना, एवढें विचारतात. मजकूर मनास पटला काय, हें विचारणें त्यांचें काम नव्हे. म्हणून मिळकत कोणती, हक्क कोणाच्या लाभांत सोडला, "सर्व स्थावर मिळकत" असे मोघम शब्द कोठें घातले आहेत काय, आणि न मिळालेली रक्कम पावल्याचें लिहिलें आहे काय, हें घरींच पाहिलें पाहिजे.

महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतः हक्क दिला, पण तेव्हां विवाहित असलेल्या त्यांतून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें तो भेद गेला. त्या दिवशीं वडील हयात असले पाहिजेत असें नाहीं, हेंहि सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. बहिणीनें हिस्सा घ्यावा कीं सोडावा, याचा निर्णय तिचा आहे. सोडल्यास त्यांत माया असते, हें आम्ही जाणतों; पण जें आपलें आहे हेंच ठाऊक नाहीं, तें सोडण्यांत माया कसली?

आत्याबाईंनीं त्या दिवशीं सही केली नाहीं. घरांत दोन दिवस अबोला होता. वहिनींनीं तर, "आतां वकील आणा म्हणावें," असा टोलाहि मारला. आत्याबाई कागदाची नक्कल घेऊन पुण्यास परतल्या. प्रथम रीतसर वारसनोंद होऊन सातबारावर त्यांचें नांव लागलें. नंतर माघांत त्या स्वतः आल्या व शेतजमिनीपुरतें हक्कसोडपत्र भावाच्या लाभांत नोंदवून गेल्या. मजकूर त्यांनींच सांगितला होता. वाड्यांतील हिस्सा मात्र त्यांनीं ठेवला आहे. माडीवरच्या खोलीची किल्ली आतां त्यांच्याजवळ असते.