खोली केवढी आहे?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका झूम लेन्सच्या पोटातून समुद्राची वाळू काढत होतो. "नवशिक्यांना कमी पैशांत, सगळीकडे चालेल अशी एक लेन्स कोणती, यावर लिहा. आणि हो, वाचकांना झेपेल असं लिहा." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. ते मला ओळखतात. एफ-नंबरचा विषय निघाला की मला आवरता येत नाही, हे माझ्या बायकोने लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं होतं.

हैदराबादला कोठीजवळच्या एका गल्लीत माझं कॅमेरा दुरुस्तीचं टेबल आहे. दुकान म्हटलं तर शेजारचे हसतील. या शहरात कॅमेरा घ्यायचा, विकायचा किंवा रिपेर करायचा तर माणूस बँक स्ट्रीट, गुजराती गल्ली या भागात येतो, आणि हिंडून दमला की माझ्यासमोरच्या स्टुलावर बसतो. प्रश्न ठरलेला. हैदराबादी असेल तर "चचा, एकीच लेन्स होना, सब आना." मराठी असेल तर "काका, बजेट पंधरा-वीस हजार. अशी लेन्स सांगा की परत घ्यायला नको." त्याला लग्न काढायचंय, केबीआर पार्कातला मोर काढायचाय, चारमिनार काढायचाय, बायकोचा फोटो मागचं सगळं धूसर करून काढायचाय, आणि चंद्रही. लग्नासाठी स्थळ बघताना लोक इतक्या अटी घालत नाहीत.

माझ्याकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर होतं. ते मी वर्षानुवर्षं दिलं आणि लोकांनी ऐकलं. गेल्या वर्षी त्या उत्तराने एका मुलीचं नुकसान केलं. हा लेख लिहायला मी हो म्हणालो तो त्या मुलीमुळे.

मुलगी मूळची नांदेडची, इथे शिकायला. काचीगुड्याला आजीकडे राहते. सेकंडहँड कॅननचा कॅमेरा, त्यावर त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स. तिने साठवलेले नऊ-दहा हजार रुपये होते. मी नेहमीचं प्रवचन दिलं: किट लेन्स म्हणजे डब्यासोबत फुकट मिळालेला चमचा. ती विकून टाक. ५०ची एफ/१.८ घे. झूम हवं तर पायांनी कर, पुढे जा, मागे ये, फोटो शिकशील. तिची किट लेन्स मीच अठराशेला ठेवून घेतली. ती खूश होऊन गेली. मीही खूश.

आता मी हे का सांगायचो ते समजावून घ्या, कारण त्यात खोटं काहीच नाही.

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला फोकल लेंथचा, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तर चौकटीत जास्त जागा मावते, मोठा तर थोडीच मावते पण ती जवळ आल्यासारखी दिसते. दुसरा आकडा एफचा, म्हणजे लेन्सची खिडकी जास्तीत जास्त किती उघडते ते. इथे लोक हमखास फसतात, कारण हा आकडा लहान तर खिडकी मोठी. शिवाय हिशेब वर्गाचा आहे. किट लेन्स ५५वर नेली की एफ/५.६पर्यंतच उघडते. एफ/१.८ची लेन्स त्याच्या तिप्पट नव्हे, जवळजवळ दहापट उजेड आत घेते. इराणी हॉटेलात ट्यूबलाइटखाली चहा ओतणाऱ्या माणसाचा फोटो किट लेन्सने काढताना एका सेकंदाचा साठावा भाग लागत असेल, तर तिथेच या लेन्सला सहाशेवा भाग पुरतो. चहाची धार हवेत थिजते. लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं असतं त्याने हे होत नाही. ते तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, समोरच्या माणसाचं हलणं थांबवत नाही. हे मी दिवसातून चारदा सांगतो.

म्हणजे दहा हजारांच्या आसपास मिळणारी ही लेन्स उजेडाच्या बाबतीत पन्नास हजारांच्या झूमवर मात करते. तिच्या आतली भिंगांची रचना १८९६ साली झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फने केलेल्या प्लानार लेन्सच्या कुळातली. सव्वाशे वर्षं घासूनपुसून सुधारलेली, म्हणून स्वस्त आणि चोख. अशी वस्तू हातात आली की माझ्यासारख्या माणसाला तिचा प्रचार केल्याशिवाय राहवत नाही.

पण प्रचार करताना आमचे लोक एक वाक्य चिकटवतात आणि तिथे माझं डोकं फिरतं: "५०ची लेन्स म्हणजे माणसाचा डोळा." समोरच्या चहाच्या टपरीवर यावरून माझी तीनदा भांडणं झाली आहेत. संपादकांनी कात्री लावली नाही तर इथे एकदाचं मांडून ठेवतो.

जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. तिचा कर्ण ४३. कर्णाएवढी फोकल लेंथ असलेल्या लेन्सला 'नॉर्मल' म्हणायचा संकेत आहे. मग ४३ का नाही, ५० का? कारण ऑस्कर बार्नाकच्या डोक्यातून निघालेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला तेव्हा त्यावर माक्स बेरेकने रचलेली ५०ची लेन्स होती. तो कॅमेरा गाजला, बाकीच्यांनी तोच आकडा उचलला आणि सवयीचा सिद्धान्त झाला. डोळ्याचं म्हणाल, तर दोन्ही डोळ्यांना मिळून उजवीडावीकडचं जवळपास अर्धं वर्तुळ जाणवतं, आणि त्यातलं स्वच्छ दिसतं ते मधलं अंश-दोन अंश. बाकीचं आपण बुबुळं फिरवून गोळा करतो. यातला कुठला डोळा ५०चा?

बरं, फिल्मवर निदान अर्धं खरं होतं. नवशिक्यांच्या स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर त्या चौकटीहून लहान असतो. कॅननमध्ये सुमारे २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, कर्ण २७. त्यावर ५०ची लेन्स लावली की फिल्मवरच्या ८०एवढंच दृश्य मिळतं. निकॉन, सोनीवर ७५एवढं. म्हणजे ती डोळा वगैरे काही नाही, चेहरा काढायची लेन्स आहे. या सेन्सरवरची नॉर्मल लेन्स २४ ते २८च्या आसपासची. हे मला पुरतं ठाऊक होतं. टपरीवर मी हेच ओरडून सांगत होतो. आणि टेबलावर बसून त्या मुलीला सांगितलं, ५० घे.

दोन महिन्यांनी तिच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. नांदेडहून, परभणीहून माणसं आलेली. घर जुनं, खोली दहा बाय बारा, त्यात पलंग आणि लोखंडी कपाट. आता माझा हिशेब बघा. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर समोरची माणसं आठ फुटांवर. त्या अंतरावर, त्या सेन्सरवर, ५०च्या लेन्समध्ये रुंदीला साडेतीन फूट मावतात. साडेतीन फुटांत आजी आणि फार तर खांद्याला खांदा लावलेलं आणखी एक माणूस. मी अठराशेला ठेवून घेतलेल्या किट लेन्समध्ये तेवढ्याच जागेतून जवळपास दहा फूट मावले असते. दोन रांगा केल्या की अख्खं घर.

पायांनी झूम करायला पायांना जागा लागते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. पुढे जाता येतं. मागे भिंत असते.

इथे मला राजा दीनदयाळांची आठवण होते. सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे, दरबारी छायाचित्रकार. १८८६मध्ये त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला, १८९२ साली पडदानशीन बायकांसाठी हैदराबादला वेगळा जनाना स्टुडिओ. काचेच्या जड प्लेटा, झूम नावाची चीज जन्माला यायची होती. फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम बाजारात आली ती १९५९मध्ये. तरी दीनदयाळांच्या समूहचित्रांत ओळीच्या ओळी माणसं नीट मावलेली दिसतात. आमच्या धंद्यात त्यांचं उदाहरण सारखं देतात: बघा, एका लेन्सवर काय काम केलं! मीही दिलंय. पण महालाच्या अंगणात कॅमेरा हवा तेवढा मागे नेता येतो. काचीगुड्याच्या खोलीत दीनदयाळही कपाटाला टेकले असते.

आता संपादकांचं काम. काय घ्यावं?

आधी काहीच घेऊ नका. किट लेन्स विकू नका. तिला हसणाऱ्यांत मी पहिला होतो, म्हणून पहिला शब्द मागे घेण्याचा हक्कही माझाच. १८ ते ५५ या टप्प्यात घर, रस्ता, देवळाचं आवार, जेवणाची पंगत, सगळं येतं. चारमिनार पन्नासेक मीटर उंच. कॅमेरा उभा धरून १८वर चाळीस मीटर अंतरावरून तो अख्खा मावतो. ५०च्या लेन्सला त्यासाठी शंभरावर मीटर मागे जावं लागतं, म्हणजे मधे फळांच्या गाड्या, रिक्षा आणि अर्धं शहर. लेन्सचं तोंड एफ/८पर्यंत लहान करून दिवसा काढलेला किट लेन्सचा फोटो महागड्या लेन्सच्या फोटोपासून वेगळा ओळखून दाखवा म्हणून मी पैज लावतो. अजून हरलो नाही.

सहा महिने तीच वापरा. मग तुम्हाला आवडलेले शंभर फोटो काढून मोजा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते. बहुतेक १८ ते २८मध्ये असतील आणि अंधाराची अडचण असेल, तर कॅननची २४ एफ/२.८ आहे, बिस्किटाएवढी चपटी. निकॉनच्या लहान सेन्सरसाठी ३५ एफ/१.८. फोटो ५५वर येऊन अडत असतील, पाखरं, मोर, मैदानावरची मुलं, तर कॅननची ५५-२५० किंवा त्या जातीची. चेहरे असतील तर खुशाल ५०. पण एफ/१.८वर पाच फुटांवरून काढलेल्या चेहऱ्याची जेमतेम सहा सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. डोळा स्वच्छ, कान धूसर. शेजारी चार बोटं मागे बसलेला माणूस गेलाच.

एकच लेन्स हवी असा हट्टच असेल तर १८-१३५ किंवा १८-१४० जातीची. अंधारात ती किट लेन्सएवढीच दुबळी, पण प्रवासात पिशवी हलकी राहते. पैसे असतील तर १७-५० किंवा १८-५०ची, सगळीकडे एफ/२.८ उघडणारी, सिग्मा किंवा टॅमरॉनची. जुनी चांगली मिळते.

जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस. ठेवून द्या. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत येत नाहीत. निकॉनवाल्यांनी एक बघायचं: ५०ची जुनी 'डी' लेन्स डी ३३००, डी ५३०० असल्या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करत नाही, कारण फोकसची मोटर लेन्समध्ये नाही आणि त्या कॅमेऱ्यांतही नाही. स्वस्त मिळाली म्हणून घेतात आणि बिघडली म्हणून माझ्याकडे आणतात. बिघडलेली नसते. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कातडी पिशवीत घालून कपाटात कोंडू नका. माझं अर्धं उत्पन्न त्या कपाटांतून येतं, तरी सांगतो.

ती मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली होती. एकशेचाळीस फोटो. निरांजनाच्या उजेडात आजीचा चेहरा, सुरकुत्यांत सोनं भरल्यासारखा. औक्षण करणाऱ्या हातातल्या बांगड्या. किट लेन्सने हे असं आलं नसतं, आणि मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "हो काका, सगळ्यांना आवडले. पण सगळे एकत्र असा एक पण नाहीये." तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

एकत्र फोटो होता, तो मामांच्या मोबाइलमधला. मोबाइलचा मुख्य कॅमेरा किट लेन्सच्या १८एवढाच, थोडा जास्तच रुंद बघतो, म्हणून दारात उभं राहून मामांना चौदा माणसं मावली. ट्यूबलाइटने कपाळं पांढरीफटक, कोणाचं तरी कोपर मधे आलेलं. आजीला तोच फ्रेम करून हवा होता. "थोडा साफ करून द्याल?"

तिची किट लेन्स टेबलाच्या खणातच होती. ती अठराशेलाच परत दिली. फोटो घरी नेला आणि रात्री कॉम्प्युटरवर घेऊन बसलो. कपाळांवरचा पांढरेपणा खाली आणला, सावल्या उचलल्या. डावीकडचा कोपरा उजळला तेव्हा चौदावं माणूस दिसलं. लोखंडी कपाटाला पाठ चिकटवून, एक पाय पलंगाच्या कडेवर ठेवून ती उभी होती. डोळ्याला कॅमेरा, त्यावर माझी ५०ची लेन्स, आणि दुसरी टाच कपाटाखालच्या फटीत घातलेली, आणखी दोन बोटं मागे सरकायला.