चाकोरी

मृग नक्षत्र लागले की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. आमचे मात्र पांदणीकडे लागतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या बाजूला, आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे विखुरलेली आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यापर्यंत मोटारसायकलवरूनही पोहोचता येते. दोन चांगले पाऊस पडले की तीच वाट माणसाला आणि गाडीला सारखीच अडवते.

या अडवणुकीचे मूळ मातीत आहे. लोणारचे सरोवर उल्कापाताने ज्या काळ्या बेसाल्ट खडकात घडले, त्याच जातीच्या खडकाची युगानुयुगे झीज होऊन आपली काळी माती झाली. पाणी मिळाले की ती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण कपाशीला तारतो, पण चाकाला तोच बुडवतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर पाणी मुरता मुरत नाही. मुरमाड वाटेवर चिखलाखाली लवकरच कठीण थर लागतो. येथे चाक खाली जातच राहते.

आमच्यापाशी एक जुनी जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जन्मलेल्या या वाहनाची जुळणी महिंद्रांनी आपल्या देशात सुरू केली, तेव्हापासून ते खेडोपाडी ओळखीचे झाले. आमची गाडी चारही चाकांना जोर देणारी. तरी दरवर्षी ती कोठे ना कोठे रुतून बसायची. एका वर्षी एका हितचिंतकाने देणगी दिली आणि आम्ही तिला चिखलाचे, म्हणजे मड टायर बसवले. रबराचे मोठाले ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद, खोल खाचा. जणू ट्रॅक्टरच्या चाकाचे धाकटे भाऊ! चर्चच्या अंगणात मुले त्यांच्याभोवती फेर धरून उभी राहिली. आमच्याही मनात थोडा गर्व शिरला, हे कबूल केले पाहिजे.

श्रावणातील एका सायंकाळी मोबाईलवर निरोप आला. एका वस्तीवरील वृद्ध माउली अत्यवस्थ होती. पवित्र तेलाची कुपी घेऊन आम्ही एकटेच निघालो. डांबरी सडकेवर टायरांचा घरघराट कानात भरत होता. या टायरांचे थोडेच रबर सडकेला टेकते, त्यामुळे ओल्या डांबरावर गाडी नेहमीपेक्षा उशिरा थांबते, हेही एका वळणावर कळून चुकले. पुढे पांदण लागली. खाली उतरून पुढच्या चाकांच्या चकत्या फिरवल्या, लहान गिअर टाकला, आणि गाडी हत्तीच्या चालीने निघाली. पहिला किलोमीटर आम्ही विजयी वीराच्या थाटात पार केला.

दुसऱ्या किलोमीटरला गाडी थबकली. आम्ही जोर वाढवला, चाके गरगरली आणि गाडी आसापर्यंत खाली बसली. उतरून पाहतो तो टायरांच्या खाचा दिसेनात! काळी माती त्यांच्यात ठासून भरली होती आणि चाके माठासारखी गुळगुळीत झाली होती. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. डिफरन्शियलचा धडा मात्र त्या चिखलात उकिडवे बसून गिरवला. एकाच आसावरच्या दोन चाकांपैकी ज्याला पकड नसते ते मोकळे गरगरते, आणि ज्याला पकड असते ते जागचे हलत नाही.

इतक्यात वावरातून एक शेतकरी घोंगडे पांघरून आला. चाकांकडे पाहून म्हणाला, “फादर, चाक माती सोडत नाई तं चालन कसं? कायी माती हाय ते. जेवढं कोराल तेवढं खाली जासान.”

त्याने चारही चाकांची हवा कमी करायला लावली, तीस पौंडांवरून अठरा-वीसपर्यंत. टायर पसरला की त्याचा भार अधिक जमिनीवर वाटला जातो. मग त्याने काठीने खाचा कोरून काढल्या आणि धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या आणून चाकांखाली अंथरल्या. हलक्या पायाने जोर देताच गाडी मागे सरली आणि बाहेर आली. “आता पायी चला,” तो म्हणाला. चपला हातात घेऊन आम्ही त्याच्यामागून चालू लागलो.

माउली शुद्धीवर होती. आमचे पाय पाहून तिने सुनेला आधी पाणी आणायला सांगितले. तेलाचा अभ्यंग झाला, प्रार्थना झाली. पहाटे ती देवाघरी गेली. आम्ही वेळेवर पोहोचलो. पण गाडीने नव्हे.

येथेच ही कथा संपती, तर चिखलाच्या टायरांविषयी आमची तक्रार एवढीच राहिली असती, की ते सर्वशक्तिमान नाहीत. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. आमच्या चाकांनी कोरलेल्या दोन चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. चार दिवसांपूर्वी तेथेच कपाशीने भरलेली एक बंडी कलंडली होती. जू मोडले होते, बैलाचा पाय मुरगळला होता आणि वेचणीच्या ऐन दिवसांत त्याला गोठ्यात बांधून ठेवावे लागले होते. बंडी कोणाची? ज्याने आम्हाला चिखलातून काढले त्याचीच. त्याने तक्रारीचा शब्द काढला नाही. उलट चहा विचारला. तो चहा आमच्या घशाखाली उतरेना.

ठोकळ्यांचे टायर चिखलाला कापून पुढे जातात, हाच त्यांचा गुण. परंतु ते जे कापतात ती कोणाची तरी वाट असते. आपली गाडी निघून जाते. चाकोरी मागे राहते, आणि तिच्यातून ज्यांना रोज जायचे असते त्यांना ती भोगावी लागते. आमचा हेतू पवित्र होता, म्हणून त्या बैलाचा पाय कमी दुखला नसेल.

आम्ही बैलाच्या औषधपाण्याचा आणि नव्या जुवाचा खर्च दिला. गावकऱ्यांबरोबर दोन दिवस घमेली वाहून चाकोऱ्यांत मुरूम भरला. टायर मात्र टाकून दिले नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात एका अडलेल्या बाळंतिणीला त्याच टायरांनी, हवा कमी करून, सडकेपर्यंत सुखरूप आणले. रोगी किंवा बाळंतीण आणायची असेल तर गाडी पांदणीत उतरते. आम्हालाच जायचे असेल तर ती सडकेवर उभी राहते आणि आम्ही चपला हातात घेतो.

वाचकहो, एक गोष्ट त्या शेतकऱ्याकडून कायमची शिकलो. चाकाची पकड त्याच्या ठोकळ्यांत जेवढी असते, तेवढीच धरलेली माती सोडून देण्यात असते. आम्ही त्या सायंकाळी नव्या टायरांचा गर्व धरून बसलो होतो. तो पांदणीत गळून पडला, तेव्हा कोठे आमचे पाय चालू लागले.