पहिल्या टोपीचे टाके

डोंगरी, भाईंदर (प.)



दोन सुयांवरच्या विणकामात गाठ नसते. एकच धागा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालतो. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून ओढून काढलेला असतो आणि त्याला जागेवर धरतो तो फक्त त्याच्या वरचा टाका. शिकणाऱ्याचा बराचसा वैताग या रचनेतूनच येतो. उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त होताना ज्याने पाहिली आहेत, त्याला हा फरक लवकर कळतो. जाळ्यात धागे जिथे मिळतात तिथे गाठ असते, म्हणून एका ठिकाणी फाटले तरी शेजारचा भाग शाबूत राहतो. लोकरीच्या विणीत मात्र एक टाका सुईवरून निसटला की तो खालच्या ओळीत उतरतो, ताण पडला तर आणखी खाली जातो आणि मागे शिडीसारखे आडवे धागे उरतात.

नवशिका इथेच घाबरतो आणि सगळे उसवून टाकतो. तशी गरज नसते. विणीची सुलट बाजू समोर धरावी आणि सुटलेल्या टाक्यात पुढून क्रोशाची सुई घालावी. त्याच्या लगतचा, सर्वांत खालचा आडवा धागा पकडून टाक्यातून पुढे ओढला की एक ओळ भरून निघते. असेच वरवर जात टाका पुन्हा सुईवर चढवावा. लोकर तुटलेली नसते, काही हरवलेलेही नसते. गाठ नसल्यामुळे जे सुटते ते गाठ नसल्यामुळेच परत लावता येते. विणकामाच्या पुस्तकांत ही दुरुस्ती बहुधा शेवटी कुठेतरी दिलेली असते. ती खरे तर पहिल्या पानावर हवी, कारण ती येत नसल्यामुळे कितीतरी जणी सुया कपाटात टाकून देतात.

दुसरे कोडे वाढणाऱ्या टाक्यांचे. २० टाके घातले आणि दहा ओळींनंतर मोजले तर २४ भरतात, पट्टी वरच्या बाजूला रुंद होत जाते. याची कारणे सहसा दोन असतात. ओळ संपवून काम उलटताना धागा सुईच्या वरून मागे गेला, तर पहिला टाका वर ताणला जातो. त्याच्या दोन्ही बाजू दोन वेगळ्या टाक्यांसारख्या दिसतात आणि दोन म्हणून विणल्या जातात. दुसरे कारण एक सुलट, एक उलट अशा बॉर्डरमध्ये घडते. सुलट टाक्याला धागा मागे हवा आणि उलट टाक्याला पुढे. हा बदल दोन सुयांच्या मधून न करता सुईवरून केला, की एक जादा वेढा बसतो आणि पुढच्या ओळीत तोही टाका होतो. म्हणून प्रत्येक ओळीनंतर टाके मोजणे हाच सुरुवातीचा खरा अभ्यास. त्यासाठी लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची असावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही.

घट्ट टाके ही तिसरी अडचण. टाका सुटेल या भीतीने शिकणारी व्यक्ती धागा आवळते आणि मग सुईचे टोकच आत शिरत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत घामेजल्या बोटांवरून लोकर सरकत नाही, त्याने भर पडते. हात कोरडे ठेवणे आणि एक नंबर जाड सुई घेणे, एवढ्याने बराच फरक पडतो. मात्र सुयांच्या नंबरांतही फसगत आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या इंग्रजी पद्धतीत नंबर वाढेल तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी, तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. त्यामुळे नमुन्यात दिलेले मिलिमीटरच पाहावेत.

घट्ट-सैल हाताचा परिणाम मापावर होतो. डोंगरीत थंडी ती किती, तरी बाळंतविड्यासाठी लोकरीची टोपी विणावीशी वाटतेच. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो. वीण ताणली जाते, म्हणून टोपी ३२ सेंमीची पुरते. १० सेंमीत २२ टाके बसत असतील तर त्यासाठी ७० टाके लागतात. पण हात घट्ट असून १० सेंमीत २६ टाके बसले, तर त्याच ७० टाक्यांची टोपी २७ सेंमीची होते आणि बाळाच्या डोक्यात जात नाही. आधी १० सेंमीपेक्षा थोडा मोठा चौकोन विणून मधले टाके मोजणे कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी पट्टी कडांना गुंडाळते, तेव्हाही आपलेच चुकले असे वाटते. वास्तविक या विणीचा तो स्वभाव आहे: बाजूच्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची कड पुढे. इस्त्रीने हे कायमचे जात नाही, ॲक्रिलिक लोकर तर गरम इस्त्रीने बिघडते. उपाय विणीतच करावा लागतो. कडेचे काही टाके प्रत्येक ओळीत सुलट विणावेत, खालीवर बॉर्डर घ्यावी.

शेवटी टाके बंद करताना हात पुन्हा आवळला जातो आणि बाकी मापात असलेली टोपी कडेला अडते. त्या एका ओळीपुरती उजव्या हातात जाड सुई घ्यावी.

तुझी,
मावशी