मुद्दलातून आलेली झळाळी

चांदीचे ताट आणि चांदीचा मुलामा दिलेले ताट, दोन्ही सणाआधी घासून ठेवली की सारखीच उजळतात. चांदीचे ताट पुढची पन्नास वर्षे घासले तरी खाली चांदीच निघते. मुलाम्याचे ताट मात्र एके दिवशी काठाशी तांबूस दिसू लागते आणि त्यानंतर कितीही घासले तरी तांबेच अधिक उघडे पडते. घरातील जाणत्या स्त्रीला हा भेद ठाऊक असतो. तिचा हात दोन्ही ताटांवर सारख्या जोराने फिरत नाही. दारातील मोटारीच्या बाबतीत मात्र हा विवेक फारसा पाळला जात नाही. आजची मोटार मुलाम्याच्या ताटासारखी आहे, हे अनेकांच्या लक्षातच आलेले नसते.

याला कारणही आहे. जुन्या काळच्या बहुतेक मोटारींवर रंग आणि चमक एकाच थरात असत. त्या मोटारीला रबिंग-पॉलिश केले की फडक्यावर रंग उतरे आणि कारागीर तोच मळ निघाल्याचा पुरावा मानीत असे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून जगभर वेगळी पद्धत रुळली. पत्र्यावर गंज रोखणारा लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असा क्लिअर कोट. रंग खालच्या थरात असतो, तर चकाकी वरच्या. त्या रंगाला स्वतःची झळाळी जवळजवळ नसते. म्हणून अशा मोटारीच्या फडक्यावर रंग दिसला, तर मळ निघाला असे समजायचे नसते. कवच संपले, असा त्याचा अर्थ असतो. जुन्या पिढीने जी खूण शुभ मानली, तीच नव्या मोटारीवर धोक्याची ठरते.

हे कवच किती जाड असते? साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरील केस अंदाजे ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर मोटारीचे सारे तेज एका केसाहूनही पातळ पापुद्र्यात सामावलेले असते.

आपण बोलताना ‘पॉलिश चढवले’ असे म्हणतो. भाषेतील हा ‘चढवणे’ शब्द फसवा आहे. कंपाउंड आणि बफिंग मशीन मोटारीवर काहीच चढवीत नाहीत, ती उतरवतात. ओरखडा म्हणजे त्या कवचात पडलेली बारीक चर. तिच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि ती डोळ्यांत भरते. ती चर बुजवता येत नाही, म्हणून तिच्या भोवतालचा सारा पृष्ठभाग चरीच्या तळापर्यंत खाली आणला जातो. ओरखडा जातो, आणि त्याच्यासोबत आसपासचे काही मायक्रॉनही जातात. मेण किंवा तेलकट पदार्थ असलेले पॉलिश काही काळ चर भरून काढल्याचा भास निर्माण करते. दोन-चार वेळा गाडी धुतली की तो भास ओसरतो आणि मालक पुन्हा मशीनकडे वळतो.

व्यापारी घराला हा हिशेब नवा नाही. व्याजावर घर चालते तोवर चिंता नसते. मुद्दलाला हात लागला की जाणता माणूस सावध होतो. मोटारीच्या कवचात व्याज नसतेच. जे आहे ते कारखान्यातून निघतानाचे मुद्दल, आणि प्रत्येक झळाळी त्यातून काढलेली उचल असते.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका घरी कन्येचे लग्न ठरले होते. घरची गडद निळी मोटार आठ-नऊ वर्षांची. दर दिवाळीला तिला रबिंग करून घेण्याचा शिरस्ता होता. लग्नाला चार दिवस उरले असता थोरला मुलगा ती गॅरेजमध्ये घेऊन गेला. बोनेट आरशासारखे झाले, तरी पुढच्या कडेजवळ एक बारीक रेघ राहिली होती. कारागीर म्हणाला, “मालक, ह्या कडेला आता लई पातळ झालंय. राहू द्या.” मुलगा म्हणाला, “पाहुणे नेमके पुढंच उभे राहणार. एक हात अजून फिरव.” हात फिरला. आधी तिळाएवढा निस्तेज ठिपका दिसला, मग बोटभर लांबीचा पट्टा, आणि त्याच्या मधोमध करडा प्रायमर.

कडेलाच असे का व्हावे, याचे कारण साधे आहे. ओला रंग धारदार कडेवर ठरत नाही, तो आपसूक ओसरतो. त्यामुळे तेथे थर मुळातच पातळ बसतो. शिवाय सपाट भागावर मशीनचा जो दाब हातभर जागेत वाटला जातो, तो कडेवर रेषेएवढ्या जागेत एकवटतो. म्हणून सावध कारागीर कडा आणि उंचवटे कागदी टेपने झाकून मगच मशीन लावतो.

गॅरेजच्या मालकाने मजुरी कापून घेण्याची तयारी दाखवली आणि मुलाने मान डोलावली. सायंकाळी पेढीवर ही गोष्ट अण्णांच्या कानी गेली. त्यांनी मुलाला एवढेच विचारले, “तो थांबा म्हणाला होता का?” मुलगा काही बोलला नाही. “मग मजुरी पुरी द्यायची, आणि बोनेटचा खर्च आपल्या नावे मांडायचा.” घाईने रंग मारून घेण्यासही त्यांनी नकार दिला. मोटार डागासह मांडवापुढे उभी राहिली.

लग्नानंतर बोनेट रंगवावे लागले, आणि नुकसानीचे खरे मोजमाप तेव्हा कळले. कवच एकदा भेदले गेले की त्यावर दुसरे पॉलिश हा उपाय नसतो. तो संपूर्ण भाग पुन्हा रंगवावा लागतो. कारखान्यात हा थर सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का केलेला असतो. तयार मोटारीत प्लास्टिक, रबर आणि तारा असल्याने तेवढी उष्णता देता येत नाही. गॅरेजमधील भट्टी साधारण ६० अंशांवर चालते. रंगही वेगळ्या जातीचा वापरावा लागतो. त्यातून चमचमणाऱ्या मेटॅलिक रंगाची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळवणे हे कसबी हातालाही कष्टाचे असते.

याहून छुपे नुकसान आणखी एक आहे. कवच फुटले नाही, तरी पातळ झालेलेच असते. उन्हातील अतिनील किरणे शोषून घेणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. थर झिजला की हे संरक्षण घटते. मग दोन-तीन उन्हाळ्यांनी छतावर आणि बोनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात, आणि दोष उन्हाच्या माथी मारला जातो.

जाडी मोजण्याचे यंत्र चांगल्या कारागिराकडे असते. परंतु नेहमीचे यंत्र पत्र्यावरील सर्व थरांची एकत्र जाडी दाखवते, एकट्या कवचाची नाही. पूर्वी रंगवलेल्या भागावर आकडा मोठा येतो आणि तो मनाला फसवा दिलासा देतो. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालतच नाही. शिवाय प्लास्टिक तापले की उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे तेथे धोका अधिक. म्हणून मोटार आजवर किती वेळा घासली गेली, याची घरात एखादी नोंद असावी. यंत्राला जे सांगता येत नाही, ते ती वही सांगते.

कारागिरानेही आधी लहानशा जागेवर सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड लावून पाहावे, भागले नाही तरच पुढची पायरी चढावी. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो बहुधा पॉलिशने जाण्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला राहू द्यावे.

आणि बहुतेक ओरखडे येतात कोठून? रोज सकाळी कोरड्या धुळीवर फिरणाऱ्या फडक्यातून. धुळीतील वाळूचे कण त्या फडक्याखाली कानसेचे काम करतात. पहाटे घाईने गाडी पुसणाऱ्या गड्याला हे कोणी सांगितलेले नसते. त्याला दोन बादल्या पाणी, मऊ मायक्रोफायबरचे फडके आणि थोडा अधिक वेळ दिला, तर दिवाळीच्या रबिंगची गरजच बरीचशी कमी होते. हे सांगण्याचे काम घरमालकाचे आहे.