केनेबेकच्या काठी : एका बंधाऱ्याची मुदत

वाचकहो, परवान्याचे नूतनीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? एक छापील अर्ज, ठरावीक शुल्क, एक शिक्का आणि काही दिवसांनी हाती येणारा तोच जुना कागद. बदललेली असते ती केवळ तारीख. भाषांतराच्या कामात हा शब्द मी कितीदा तरी लिहिला असेल. परंतु त्यात ‘नूतन’ हा शब्द दडलेला आहे आणि नव्याने विचार करणे असा त्याचा एक अर्थ होऊ शकतो, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले अमेरिकेतील एका लहानशा शहराच्या बंधाऱ्याची हकीकत वाचताना. आज तुम्हांला त्याच शहरी न्यावयाचे आहे.

नकाशा उघडा आणि अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेले मेन हे राज्य शोधा. तेथील मूसहेड सरोवरातून केनेबेक नावाची नदी निघते आणि दीडशेहून अधिक मैल दक्षिणेकडे वाहत जाऊन अटलांटिक महासागराला मिळते. मुखापासून सुमारे ४० मैल आत, जेथवर समुद्राची भरती पोहोचते त्या ठिकाणी, ऑगस्टा हे राज्याच्या राजधानीचे शहर वसले आहे. राजधानी असली तरी वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर. पूर्व काठावर १७५४ साली बांधलेला लाकडी फोर्ट वेस्टर्न अजून उभा आहे. समोरच्या काठाने थोडे वर गेले की मिल पार्क नावाचे मोकळे उद्यान लागते आणि त्याच्यामागे सँड हिल ही चढण. कॅनडातून आलेली फ्रेंच भाषिक गिरणीकामगारांची कुटुंबे या चढणीवर राहत असत.

उद्यानाच्या नावात गिरणी आहे, पण गिरणी कोठे दिसत नाही. नदीवर बंधारा होता, तोही दिसत नाही. दिसते ते केवळ वाहते पाणी. या न दिसणाऱ्या वस्तूंचीच ही गोष्ट आहे.

१८३७ साली येथे लाकडी चौकटी आणि दगड यांचा बंधारा उभा राहिला. त्याच उन्हाळ्यात प्रसिद्ध कादंबरीकार नाथॅनिएल हॉथॉर्न आपला मित्र होरॅशियो ब्रिज याच्याकडे ऑगस्टास मुक्कामाला आला होता. ब्रिजने आपली संपत्ती या बंधाऱ्यात गुंतविली होती. दोनच वर्षांनी आलेल्या पुराने बंधारा फोडला आणि त्याबरोबर ब्रिजचे वैभवही वाहून नेले. बंधारा पुन्हा बांधला गेला. त्याच्या पाण्यावर लाकडाच्या वखारी चालल्या, मग कापडगिरणी चालली, पुढे वीज निर्माण होऊ लागली. गिरणीच्या मालकांवरून त्याला एडवर्ड्स धरण हे नाव पडले. लांबी ९१७ फूट, उंची अवघी २४ फूट. आपल्या भाक्रा किंवा कोयनेच्या शेजारी ठेवले तर हे एखाद्या ओढ्यावरचे बांध वाटेल.

पण माशाच्या दृष्टीने २४ फूट आणि २४० फूट यांत फरक नसतो. केनेबेकमध्ये सॅमन, शॅड, ॲलवाइफ, स्टर्जन यांसारखे मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतात. आपल्या बंगाली वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांचा लाडका इलिश म्हणजे हिलसा हा या शॅडचाच दूरचा भाऊबंद. आणि १९७५ साली फराक्क्याचे बंधारे सुरू झाल्यावर गंगेच्या वरच्या भागातील त्याची वाट कशी अडली, हे त्यांनी पाहिले आहे. ऑगस्टाला हीच अडवणूक १६० वर्षांहून अधिक काळ चालली होती.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत १९२० साली जलविद्युतीसंबंधी एक कायदा झाला. नदी सर्वांची असल्यामुळे खाजगी मालकाला ती कायमची देता येणार नाही. परवाना द्यावयाचा तो मुदतीचा, फार तर ५० वर्षांचा, असे त्याचे सूत्र होते. मुदत संपण्याच्या सुमारे पाच वर्षे आधी मालकाने नव्या परवान्याची इच्छा कळवावयाची. मग काठावरच्या गावांत सभा भरतात, पाण्याची आणि माशांची पाहणी होते, अहवालाचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि कोणालाही, होडीवाल्याला, शिक्षिकेला, कारखानदाराला, त्यावर लेखी म्हणणे मांडता येते. १९८६ साली या कायद्यात एक महत्त्वाची भर पडली. परवाना देताना विजेचा विचार जितक्या आस्थेने करावयाचा, तितक्याच आस्थेने मासे, वन्यजीव आणि लोकांचा नदीवरील वावर यांचाही विचार केला पाहिजे, असे त्यात म्हटले गेले.

एडवर्ड्स धरणाच्या परवान्याची मुदत १९९३ मध्ये संपत होती. तत्पूर्वी, १९८९ साली, मासेमारीची आवड असणाऱ्यांच्या आणि निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या चार संघटनांनी एकत्र येऊन ‘केनेबेक कोअॅलिशन’ नावाची आघाडी उभी केली. त्याच वर्षी जुनी गिरणी आगीत भस्मसात झाली. धरणापाशी उरले होते ते साडेतीन मेगावॅटचे वीजघर. मेन राज्याच्या एकूण विजेत त्याचा वाटा हजारात सुमारे एक इतकाच होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९९६ च्या आरंभी केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाच्या अधिकाऱ्यांनी जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात धरण राहू द्यावे आणि माशांसाठी वाट बांधून नवा परवाना द्यावा, अशी शिफारस होती. आपल्याकडे मसुदा प्रसिद्ध झाला की बहुतेकजण तो निर्णयच समजून घरी जातात. आघाडीचे लोक घरी गेले नाहीत. त्यांनी हिशेब मांडले, जाणकारांचे अहवाल जोडले. स्टर्जनसारखा जड मासा माशांच्या पायऱ्या चढत नाही, हे दाखवून दिले. जुलै १९९७ मध्ये अंतिम अहवाल आला, तेव्हा शिफारस उलटली होती. माशांची वाट बांधण्यास जो खर्च येईल, त्याहून धरण काढून टाकणेच स्वस्त पडेल, असे आढळून आले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी नवा परवाना नाकारला आणि धरण काढून टाकण्याचा आदेश दिला. मालकाच्या इच्छेविरुद्ध असा आदेश आयोगाने देण्याची ही पहिलीच वेळ होती.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने कायदा मोडला नव्हता. धरण पूर्वसूरींनी बांधलेले होते आणि वीज विकली जात होती. जे आपण बांधले नाही ते स्वखर्चाने का पाडावे, हा त्याचा प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळण्याचा संभव होता. तो टळला १९९८ च्या समझोत्यामुळे. धरण मालकाने मेन राज्याच्या स्वाधीन केले. खर्चाची रक्कम नदीच्या मुखाजवळील बाथ येथील जहाजबांधणीच्या कारखान्याने आणि वरच्या अंगाच्या धरणांच्या मालकांनी दिली. कारखान्याला आपल्या विस्तारामुळे होणाऱ्या हानीची भरपाई करावयाची होती आणि वरच्या धरणांना माशांसाठी वाटा बांधण्यास मुदत हवी होती. प्रत्येकाने काही दिले, प्रत्येकाला काही मिळाले.

१ जुलै १९९९ रोजी दोन्ही काठांवर माणसे जमली. देशाचे गृहखात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट आणि मेनचे गव्हर्नर अँगस किंग उपस्थित होते. येथे गृहखाते म्हणजे पोलिसांचे खाते नव्हे, तर जमीन, जंगले आणि नैसर्गिक संपत्ती सांभाळणारे खाते होय. यंत्राच्या फावड्याने मातीचा आडोसा उकरला, पाण्याची एक बारीक धार निघाली आणि पाहता पाहता तिचा लोट झाला. ऑगस्टापासून वॉटरव्हिलपर्यंतची १७ मैलांची नदी मोकळी झाली. पाण्याखाली दडलेले खळाळ, खडक आणि बेटे आजोबांच्या आजोबांनंतर प्रथमच उघडी पडली.

मासे आले का? आले. वॉटरव्हिलसमोर सेबास्टिकुक ही उपनदी मिळते. तिच्यावरील फोर्ट हॅलिफॅक्स धरणही २००८ साली काढण्यात आले. आता वसंतात त्या नदीत ॲलवाइफ लाखांच्या संख्येने चढतात आणि त्यांच्या मागोमाग गरुड गोळा होतात.

तरीही सारे काही सुरळीत झाले, असे सांगून तुमचा निरोप घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वॉटरव्हिलपासून वर चार धरणे राहिली. सॅमनला सँडी नदीतील आपल्या अंडी घालण्याच्या जागी पोहोचविण्यासाठी त्याला लॉकवुड धरणापाशी पकडून, टाकीत घालून मोटारीने न्यावे लागले आहे. शॉमट धरणाच्या जलाशयावर एक मोठी कागदगिरणी अवलंबून असल्यामुळे त्याच्या परवान्याचा प्रश्न निघाला, तेव्हा तेथील कामगारांना आपल्या चुलीची चिंता वाटली. सँड हिलवर राहिलेल्या कुटुंबांना ही चिंता खचितच समजली असती. म्हणून प्रत्येक धरणाचा हिशेब निराळा मांडावा लागतो. ऑगस्टाचे उत्तर दुसरीकडे तसेच उचलून ठेवता येत नाही.

आपल्याकडे काय? १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या बरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची कायद्यात सोय नव्हती. एप्रिल १९९७ मध्ये, म्हणजे ऑगस्टाच्या निर्णयाच्याच वर्षी, आपल्या केंद्र सरकारने मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीपूर्वी जनसुनावणी आवश्यक केली. ही सुनावणी प्रकल्प उभा राहण्यापूर्वीची. तो उभा राहून ५० वर्षे झाल्यावर, ‘हे अजून हवे आहे का?’ असे काठावरच्या माणसांना विचारणे ही पुढची पायरी.

हा प्रश्न विचारला म्हणजे धरण पडतेच, असे नाही. बहुतेक धरणांना नवा परवाना मिळतो; फार तर थोडे अधिक पाणी नदीत सोडावे, माशांना वाट द्यावी, लोकांना काठावर उतरू द्यावे, अशा अटी पडतात. पण विचारले गेल्यामुळे नदी कोणाची आहे, याची सर्वांना आठवण राहते.

वाचकहो, तुमच्या गावच्या नदीवरही एखादा बंधारा असेल. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन त्याच्या काठी जा. तो कधी बांधला, कोणासाठी बांधला, त्यापूर्वी तेथून काय वर चढत असे आणि काय खाली वाहत असे, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तरे वहीत टिपून ठेवा. उद्या कोणी तुमचे म्हणणे विचारलेच, तर ते सांगण्यासाठी ती टिपणे तुमच्या हाताशी असतील.