महाडच्या पेठेचे एक जुने कार्ड

सन 2021 च्या जुलै महिन्यात महाडास जो महापूर आला, त्यात आमच्या घराचा तळमजला पुरुषभर पाण्याखाली गेला. धान्य गेले, पोथ्या गेल्या, मी छत्तीस वर्षे जपलेली हजेरीपुस्तकेही गेली. वाचली ती एक माळ्यावरची पत्र्याची पेटी. चिखल उपसून झाल्यावर त्या पेटीतील दमट कागद आम्ही गच्चीत दगड ठेवून वाळत घातले होते. त्यांतून माझ्या पुतण्याच्या मुलीने एक कार्ड उचलून आणले आणि म्हणाली, "आजोबा, हा आपला बाजार ना?"

ते कार्ड मला नवे नव्हते. लहानपणी ते वडिलांच्या गीतेत खूण म्हणून असे. आपल्याकडे साधे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी निघाले, तेव्हा त्याची किंमत अवघा पाव आणा होती; हे कार्ड त्या जातीचे नव्हे. कोणा हौशी छायाचित्रकाराने महाडच्या बाजारपेठेचे चित्र घेऊन ते जाड कागदावर उतरविले आणि मागे पत्ता व मजकूर यांसाठी जागा सोडली, अशा प्रकारचे हे कार्ड आहे. माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि महाडास इंग्रजी शिकत होते. त्यांनी ते पोलादपुरास आजोबांना पाठविले. टपालाच्या शिक्क्यावर ऑक्टोबर 1936 स्पष्ट वाचता येते.

मजकूर असा: "तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार वि. वि. मी येथे खुशाल आहे. चित्रात माडीवर फुली केली आहे ते आमचे बिऱ्हाड. खालच्या वाण्याचे भाद्रपदअखेर एक रुपया सहा आणे देणे झाले आहे. तो मागत नाही. परंतु जिना उतरताना मला लाज वाटते. दिवाळीस मोटारीने येणार नाही, पायी येईन. मातोश्रींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद." त्याखाली आजोबांच्या हातची, शिसपेन्सिलीने लिहिलेली मोडी अक्षरे आहेत: "दिले."

महाडाहून पोलादपूर अकरा-बारा मैल. दोन्ही गावे सावित्रीच्याच काठची. महाबळेश्वरी उगम पावून ती पोलादपुरावरून खाली महाडास येते, तेथे गांधारी तिला मिळते आणि पुढे बाणकोटास ती समुद्र गाठते. पोलादपूर म्हणजे घाटाच्या पायथ्याचे विसाव्याचे ठिकाण. आंबेनळी चढून महाबळेश्वरास जाणारा आणि कशेडी ओलांडून खेडास जाणारा तेथे थांबणारच. त्यामुळे तेथील दुकाने म्हणजे चहा, गूळ-शेंगदाणे, बैलांची पेंड आणि गाडीच्या आसाला लावावयाचे वंगण. आमच्या आजोबांना मात्र त्या गावाचा अभिमान वेगळ्याच कारणासाठी होता. शिवछत्रपतींचे चरित्र संस्कृतात गाणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरास आहे. आजोबा गावाबाहेर जाताना आणि परत येताना तेथे हात जोडीत.

महाडचा थाट निराळा. महाड हे नदीवरचे बंदर होते. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या बाणकोटाकडून दासगावावरून वर गावापर्यंत येत. त्यांतून मुंबईचे कापड, रॉकेलचे डबे, मंगळुरी कौले उतरत. आणि वरंध घाटाने देशावरून बैलांच्या पाठीवर मिरची, गूळ, कांदा येई. परत जाताना होड्यांत आमचा तांदूळ असे, बैलांवर मीठ आणि सुकी मासळी. समुद्राचा माल आणि घाटाचा माल ह्यांची गाठ जेथे पडे, ती ही पेठ. सावित्रीने ही पेठ वसविली हे हल्लीच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. त्यांना सावित्री ठाऊक आहे ती 2016 च्या ऑगस्टात जुना दगडी पूल आणि त्यावरील एसटीच्या दोन गाड्या घेऊन गेलेली, आणि 2021 साली दुकानांच्या छपरांना लागलेली.

आता चित्राकडे वळू. रस्ता धुळीचा, मधोमध चाकोरी पडलेल्या. डावीकडे कापडाचे दुकान. गादीवर बसलेल्या गृहस्थांची पगडी तेवढी दिसते, तोंड सावलीत आहे. त्यापलीकडे तांबटाचे दुकान. बाहेर हंडे एकावर एक रचले आहेत आणि सर्वांत वरच्या हंड्यावर उन्हाची अशी तिरीप पडली आहे की, काळ्या-पांढऱ्या चित्रातही तो हंडा तांब्याचा आहे हे कळावे. मग सोनार, मग एक खाणावळ. तिच्या दारात एक कुत्रे झोपले आहे. दूर मोटारीचे नाक दिसते. उजवीकडे वाण्याचे दुकान: उंच ओटा, फळ्यांची दारे, आणि वर माडी, जिच्या खिडकीवर चौदा वर्षांच्या मुलाने शाईने फुली केली आहे.

ह्या वाण्याची कीर्ती मी वडिलांच्या तोंडून शंभर वेळा ऐकली होती. श्रावणात पाऊस लागून राहिला म्हणजे पोलादपुराहून शिधा घेऊन येणारा माणूस आठ-आठ दिवस येत नसे. अशा वेळी हा वाणी न विचारता शेरभर तांदूळ आणि डाळ वर पाठवून देई आणि वहीत मांडून ठेवी. "त्या पेठेत कोणी उपाशी निजला नाही," असे वडील म्हणत. आम्हीही तेच वाक्य पुढच्या पिढीस सांगत आलो.

पुतण्याच्या मुलीने मोबाइलवर त्या कार्डाचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी तो मोठा केला. मग तिने विचारले, "आजोबा, हा माणूस दुकानासमोर उन्हात का उभा आहे? ओट्याशी सावली आहे की."

साठ वर्षे ते कार्ड मी पाहत आलो, आणि तो माणूस मला नुसते गिऱ्हाईक वाटला होता. तो ओट्यापासून पाच-सहा हात दूर उभा आहे. त्याच्या आणि ओट्याच्या मध्ये, जमिनीवर, एक फडके पसरलेले आहे. वाण्याच्या हातात माप आहे आणि तो हात उंच धरलेला आहे. ते धान्य वरून त्या फडक्यात पडावयाचे आहे.

मुलगी बारा वर्षांची. तिला मी सांगितले. जेवढे सांगता आले तेवढे. पुष्करणीसारखे आमचे चवदार तळे. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला, आणि 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरविले. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेकडो लोकांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि ह्याच पेठेच्या रस्त्यांवर त्या परगावच्या पाहुण्यांना काठ्यांचा मार बसला. पुढे तळे शुद्ध करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही ह्यांच्या घागरी मंत्रघोषात पाण्यात ओतल्या गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा गावात जागा मिळेना. एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. आणि सामान? गावच्या व्यापाऱ्यांनी परिषदेला माल द्यावयाचे नाकारले होते.

येथे मी थांबलो. "त्या पेठेत कोणी उपाशी निजला नाही" हे वाक्य मला आठवले.

परंतु वाण्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही, कारण एक गोष्ट मी त्या मुलीस त्या दिवशी सांगितली नाही. ती येथे लिहितो. आमच्या देवघरात तांब्याची एक पंचपात्री आहे. वडिलांच्या मुंजीत तीच होती, माझ्या मुंजीतही तीच. तिचा काठ जाड, घडण सुबक, आणि बुडाशी तांबटाच्या हातोडीच्या खुणा अजून बोटांना लागतात. वडिलांनी शेवटच्या आजारात मला सांगितले की, ती त्या मार्चात महाडाहून आली. आजोबा भिक्षुक होते. तळ्याच्या शुद्धीसाठी मंत्र म्हणावयास त्यांना पोलादपुराहून बोलावणे आले. दक्षिणा मिळाली, तिची त्यांनी पेठेत पंचपात्री घेतली. वडील तेव्हा पाच वर्षांचे होते. बाबांनी नवे भांडे आणले म्हणून ते अंगणभर नाचले, एवढेच त्यांना आठवत होते. बाकीचे त्यांना पुढे कळले, आणि कळल्यावर त्यांनी ते पन्नासहून अधिक वर्षे कोणास सांगितले नाही.

आजोबा वाईट मनुष्य नव्हते. एक रुपया सहा आण्यांचे देणे त्यांनी चुकते केल्याची नोंद माझ्या हातात आहे. ते देवभोळे, कष्टाळू, उपाशीपोटी मैलोगणती चालणारे होते. आणि ते मंत्र त्यांनी मनोभावे म्हटले असतील ह्याविषयी मला शंका नाही. मला जाचते ते हेच. मीही तेच मंत्र शिकलो. त्यांचे अन्वय, त्यांचे स्वर मला येतात. 17 मार्च 1937 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल लावला, वहिवाट म्हणून कोणास अडविण्याचा हक्क सिद्ध होत नाही असे ठरविले. ते वर्तमान आजोबांनी कसे ऐकले, हे विचारावयास घरात कोणी उरलेले नाही. पंचपात्री देवघरातच आहे. संध्येस मात्र मी हल्ली दुसरा गडू घेतो. आमच्या सौभाग्यवतींनी कारण विचारले, तेव्हा मी म्हणालो, पंचपात्रीला कल्हईची गरज आहे. तांब्याच्या पंचपात्रीला कल्हई करीत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

पुढे काही महिन्यांनी मी ते कार्ड घेऊन त्या वाण्याच्या पणतवाकडे गेलो. दुकान त्याच जागी आहे. ओटा मात्र रस्ता रुंद होताना गेला आणि माडीच्या जागी सिमेंटचा मजला आला. तांबटाच्या जागी मोबाइलची दुरुस्ती, खाणावळीच्या जागी औषधांचे दुकान. पणतू चाळिशीचा, भला मनुष्य. पुरात त्याचे लाखोंचे नुकसान झाले होते आणि भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. कार्ड पाहताच त्याने ते कपाळाला लावले. "गुरुजी, आमच्याकडे जुने काहीच राहिले नाही. चोपड्या होत्या, त्यांचा लगदा झाला. ह्याची मोठी प्रत करून दुकानात लावतो."

मी त्यास तो उन्हातला माणूस दाखविला. त्याने बराच वेळ पाहिले. तेवढ्यात कोणी साखर मागितली. ती त्याने तोलून दिली, पैसे घेतले, आणि पुन्हा कार्ड हातात धरले. म्हणाला, "कापून लावू का, गुरुजी? नुसते दुकान दिसेल असे." मी म्हटले, "चित्र तुझ्या दुकानाचे आहे; तू ठरव."

त्याने ते न कापता लावले. गल्ल्याच्या वर, काचेच्या चौकटीत, हातभर रुंद. गेल्या दिवाळीत मी तेथे पोह्यांसाठी उभा असता माझा एक जुना विद्यार्थी आत आला. एसटीत वाहक आहे. वर्गात हा शेवटच्या बाकावर बसे आणि गणितात पहिला येई. त्याने चित्र पाहिले, चष्मा लावला, जवळ जाऊन पाहिले.

"आमचे आजोबा सांगत, अगदी असेच उभे राहावे लागे," तो म्हणाला. "फडके पण असेच."

पणतू खाली पाहून पुडी बांधीत राहिला. मी काय बोलणार होतो?

"गुरुजी," तो मला म्हणाला, "ह्याची एक प्रत मला मिळेल? घरी लावीन म्हणतो."

मी दुसऱ्याच दिवशी प्रत करवून आणली. नेऊन देताना पाठीमागचा मजकूरही हवा का, असे त्यास विचारले. तो म्हणाला, द्या, सगळेच द्या. तेव्हा मी त्याच्या घरी बसून त्यास ते पत्र वाचून दाखविले, आणि आजोबांची मोडी त्यास वाचता येईना म्हणून ती अक्षरेही लावून दाखविली. मग त्याच्या आईने चहा आणला, आणि पंचपात्रीची गोष्ट मी त्या दोघांस सांगितली.