दोन पूर्णांक सात सेकंद

मोटारशर्यतीचा निकाल वाचायला रूक्ष असतो. पहिला अमुक, दुसरा तमुक, मधले अंतर इतके सेकंद. १९ जानेवारी १९५८ रोजी ब्युनोस आयर्सला झालेल्या अर्जेंटिना ग्रां प्रीचा निकालही तसाच आहे: पहिला स्टर्लिंग मॉस, दुसरा लुईजी मुस्सो, अंतर २.७ सेकंद. पण या अडीच-पावणेतीन सेकंदांत काय काय दडले होते!

एकआसनी गाड्या धावल्या त्या अवघ्या दहा. तीन फेरारी थेट कारखान्याच्या. सहा माझेराती खासगी मालकांच्या हाती होत्या, कारण त्या कारखान्याने आधीच्या वर्षीच शर्यतींतून अंग काढून घेतले होते. त्यांतली एक पाच वेळच्या जगज्जेत्या फान्जिओकडे होती, तेही त्याच्या मायदेशात. दहावी गाडी म्हणजे मॉसची चिमुकली निळी कूपर. तिचे मालक रॉब वॉकर, जॉनी वॉकर व्हिस्कीच्या घराण्यातले. पत्नीला दिलेल्या शब्दाखातर त्यांनी स्वतः शर्यतीत उतरणे सोडले होते. पण गाड्यांचा नाद काही सुटला नाही.

कूपरचे इंजिन दोन लिटरपेक्षाही थोडे लहान, तर फेरारीचे २.४ लिटरचे. शिवाय कूपरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे! बैल गाडीच्या मागे जुंपावा तसे ते अनेकांना वाटत होते. भरीस भर म्हणजे शर्यतीच्या काही दिवस आधी पत्नीचे बोट चुकून लागल्याने मॉसचा डोळा दुखावला होता.

खरी अडचण मात्र चाकांची होती. फेरारीचे चाक मधल्या एकाच नटावर बसवलेले; हातोडीचा ठोका मारला की सुटे. कूपरच्या प्रत्येक चाकाला चार नट. टायर बदलायला थांबावे, तर शर्यत तिथेच हातची गेली. तेव्हा मॉस आणि मुख्य मेकॅनिक आल्फ फ्रान्सिस यांनी थांबायचेच नाही असे ठरवले. हे गुपित प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून वॉकरच्या माणसांनी नवे टायर मांडून ठेवले, धावपळीचा आव आणला. हे नाटक इतके बेमालूम वठले, की फेरारीवाले निर्धास्त राहिले. मॉस थांबेल, मग गाठू!

फान्जिओ टायरसाठी थांबला आणि मॉस पुढे गेला. फेऱ्या ऐंशी. मॉस थांबेना. फेरारीच्या गोटात प्रकाश पडला तेव्हा उशीर झाला होता. मुस्सो जिवाच्या आकांताने अंतर कापू लागला. इकडे मॉसच्या टायरचे रबर झिजून आतले कापड दिसू लागले. ते वाचावेत म्हणून तो रस्त्यावर जिथे तेल सांडले होते, तिथून मुद्दाम गाडी नेत होता. एखादा टायर फुटता तर केवळ शर्यतच नव्हे, प्राणही गेला असता.

टायर टिकले. इंजिन मागे असलेल्या गाडीने जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मे महिन्यात मोनाकोलाही वॉकर यांचीच कूपर पहिली आली. चालक होता मॉरिस त्रँतिन्याँ. १९६१ साली फेरारीनेही ग्रां प्रीच्या आपल्या गाड्यांत इंजिन मागे नेले. वॉकर यांची गाडी अखेरची जिंकली ती १९६८ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत, जो सिफर्टच्या हाती. तीही निळीच होती.